पानथरी जागेवर, काम बंद
डाव्या बरगडीखाली बोटे दाबून मुलाची पानथरी हाताला लागते का ते पाहायचे आणि त्यावरून गावात हिवताप किती मुरला आहे हे ठरवायचे, ही रीत डेम्प्स्टर या डॉक्टरने १८४७ साली उत्तर भारतातील कालव्यांच्या मुलखात घालून दिली. पुढे शतकभर पानथरीचा, म्हणजे प्लीहेचा, आकारच मोजला गेला. ती काम करते की नाही, हा प्रश्न उशिरा आला. त्याच्या उत्तराची वाट प्रयोगशाळेतल्या जनावरांवरून गेली. मात्र ती उंदरापाशी संपत नाही, हे पालघर जिल्ह्याकडे पाहिले की पटते.

प्लीहा काढलेल्या पाच तान्ह्या मुलांना जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग झाल्याचे १९५२ साली अमेरिकेत नोंदले गेले. पण शस्त्रक्रियेत अख्खा अवयवच जातो. रक्त गाळणे, जुन्या तांबड्या पेशी मोडणे, प्रतिकारशक्ती उभी करणे, यांपैकी नेमके काय हरवले ते कळत नाही. म्हणून १९६० च्या सुमारास एथिल पाल्मिटेट शिरेतून टोचून जनावरांची प्लीहा जागच्या जागी निकामी करण्याचे प्रयोग झाले. हा उपाय ओबडधोबड होता. १९८४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या निको व्हान रॉयेन यांनी तो नेमका केला. क्लोड्रोनेट हे औषध चरबीच्या सूक्ष्म पुड्यांत भरायचे. प्लीहेतल्या भक्षक पेशी त्या परक्या समजून गिळतात आणि आतल्या औषधाने मरतात. काही आठवड्यांत नव्या पेशी येतात. कोणत्या पेशी गेल्या की कोणते काम थांबते, हे असे तपासता येऊ लागले. निसर्ग हाच प्रकार माणसात करतो, हे त्याआधीच, १९६९ साली, दिसले होते. सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांची प्लीहा हाताला मोठी लागत होती, पण किरणोत्सारी कण टोचून चित्र घेतले तर तिथे काहीच उमटत नव्हते.

यावर आक्षेप असा, की उंदराची प्लीहा माणसासारखी नाहीच. तो खरा आहे. उंदराची प्लीहा जन्मभर रक्त तयार करते, आणि सिकलसेलच्या उंदरांत ती आक्रसण्याऐवजी प्रचंड फुगते. सिकलसेलच्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्याने न्यूमोकॉकस या जंतूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतात, हे १९८६ साली सिद्ध झाले तेही मुलांवरच्या चाचणीत. म्हणून जनावरे वाया गेली असे होत नाही; गाळणी कशी चालते ते त्यांनी दाखवले, कोणाला किती औषध द्यायचे ते दाखवणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम अशा प्रयोगांना परवानगी मागायला लावतात. त्या परवानगीआधी हा फरक विचारला गेला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: माणसाचा दाखला तरी माणसाला पुरतो का? अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या सिकलसेलच्या मुलांत प्लीहा बहुधा पाचेक वर्षांत आक्रसते. भारतातील सिकलसेलच्या आदिवासी रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकते, त्यामुळे ती पुष्कळदा मोठेपणीही हाताला लागते. म्हणजे डेम्प्स्टरची बोटे इथे दोनदा फसतील: मोठी प्लीहा हिवतापाची की सिकलसेलची, आणि ती चालू आहे की बंद, दोन्ही कळणार नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली. त्यातून आजार कळतो, प्लीहेची अवस्था नाही. काचपट्टीवरच्या रक्तात तांबड्या पेशीत एखादा गडद गोल ठिपका दिसला, तर गाळणी ढिली पडली असे समजावे. दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. पावसाळा संपला की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याची कुटुंबे वसईकडच्या वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाआधी परततात. त्यांतल्या सिकलसेलच्या मुलाचे पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकसची लस या ये-जा करण्यात मध्येच सुटली, तर प्लीहेबद्दल इतक्या वर्षांत कळलेले सगळे त्याच्यापुरते कागदावरच राहिले.