उल्हास खोऱ्यातील दोन दिवस : बदलापूर गाव ते देहूरोड

इंडोनेशियातील जावा बेटावर जाणारा प्रवासी बोरोबुदूरचा महास्तूप पाहतो, तेव्हा त्याच्या अवतीभोवतीची केडूची सपाटीही त्याच्या दृष्टीस पडते. बोरोबुदूर, पावोन आणि मेंदुत ही तीन बौद्ध स्मारके तेथे जवळजवळ एका सरळ रेषेत उभी आहेत. वैशाख पौर्णिमेला उपासकांची मिरवणूक मेंदुतहून निघून पावोनवरून बोरोबुदूरला पोहोचते. दोन दिवसांचा मुक्काम केला तरी त्या प्रदेशाचे धार्मिक जीवन कसे गुंफलेले होते, याची कल्पना येते. जो तेथे पायी चालतो, त्याला स्मारकांमधील नाते आपोआप समजते.

आपल्याकडे लेणी पाहण्याची रीत याहून निराळी आहे. कार्ले एका सहलीत, कान्हेरी दुसऱ्या सहलीत, आणि कोंडाणे बहुधा पावसाळ्यातील धबधब्याच्या निमित्ताने पाहिले जाते. त्यामुळे ही लेणी कोणत्या वाटेवर होती, त्यांना कोणी पोसले आणि ती ओस का पडली, हे प्रश्न मनात उभेच राहत नाहीत. या प्रश्नांचा थोडा उलगडा व्हावा, या हेतूने आम्ही काही जण पावसाळा संपल्यावर एका शनिवारी बदलापूर गावातून निघालो. दोन दिवसांत जे पाहिले आणि त्यातून जे समजले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वाटेवरचे गाव

बदलापूर हे उल्हास नदीकाठचे गाव. घोडे बदलण्याचा मुक्काम म्हणून बदलापूर, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. ही लोकपरंपरा होय. तथापि तिच्यामागील भौगोलिक जाण अचूक आहे. खाडीकाठच्या कल्याणहून देशावर जाणाऱ्यास उल्हासचे खोरे धरून घाटाच्या पायथ्याशी यावे लागे. १८५६ साली कल्याणहून पळसदरीपर्यंत लोहमार्ग आला आणि १८६३ साली बोरघाट चढून तो पुढे पुण्याच्या मार्गास जोडला गेला, तेव्हाही हेच खोरे निवडले गेले. ज्या लोकलने आम्ही कर्जतकडे निघालो, ती लोकल एका अतिप्राचीन वाटेच्याच सोबतीने धावते.

कल्याण हे सातवाहन काळातील नामांकित बंदर होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. पूर्वी हे अधिकृत बाजारपेठेचे ठिकाण होते. पुढे सत्तांतरानंतर तेथील व्यापारास अडथळा आला आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे त्यात नमूद आहे. शक क्षत्रप व सातवाहन यांच्या संघर्षाची ही छाया होय. कान्हेरीच्या अभिलेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आढळतात. त्यांत व्यापारी आहेत, तसा एक लोहारही आहे. बंदरात मिळविलेल्या धनाचा एक अंश डोंगरातील भिक्खुसंघाकडे वळत होता, हे यावरून स्पष्ट होते.

कोंडाणे : बलकाचे नाव

कर्जतहून कोंदिवडे गाठून आम्ही राजमाचीच्या पायथ्याच्या रानात शिरलो. राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले डोक्यावर होते. उल्हासचा उगम याच डोंगररांगेत होतो. चढण फार अवघड नाही. परंतु आमच्यातील वयोवृद्धांनी दोनदा विसावा घेतला, आणि शंभर पावलांवरून येणाऱ्या लमाणी तांड्यांची व पाठीवर ओझी वाहणाऱ्या मजुरांची कल्पना त्या विसाव्यातच अधिक स्पष्ट झाली.

वाटेत भेटलेल्या गावच्या एका मुलाने, लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली, असे आम्हांस सांगितले. आमच्यापैकी एक तरुण त्याला हसला. ते हसणे बरोबर नव्हते. ज्या गावाला शतकानुशतके ब्राह्मी लिपी वाचून दाखविणारा कोणी भेटला नाही, त्याने त्या अचाट कामाचे श्रेय त्याला ठाऊक असलेल्या सर्वांत थोर पुरुषांना दिले. त्याच मुलाने आम्हांस पाण्याचे टाके दाखविले आणि कोणत्या दगडावर पाय घसरतो तेही सांगितले.

कोंडाणे येथील लेणीसमूहाचा काळ साधारणतः इ.स.पूर्व पहिले शतक मानला जातो. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर नृत्य करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या युगुलांचे पट्ट आहेत. कमानीच्या एका बाजूस भव्य यक्षमूर्तीचे मस्तक तेवढे शिल्लक आहे आणि त्याच्याजवळ ब्राह्मी अक्षरांत एक छोटा लेख कोरलेला आहे. कण्हाचा अंतेवासी, म्हणजे शिष्य, बलक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. प्राचीन भारतीय कलेत शिल्पकाराने आपले नाव सोडल्याची उदाहरणे थोडी आहेत. त्यांत या लेखाचे स्थान मोठे आहे. आम्ही तो लेख त्या मुलास अक्षर अक्षर लावून दाखविला. बलकाने स्वतःच्या नावाआधी गुरूचे नाव घातले आहे, हे कळल्यावर तो बराच वेळ तेथेच उभा राहिला.

चैत्यगृहात शिरल्यावर मात्र मन खिन्न होते. अनेक खांबांचे खालचे भाग नष्ट झालेले असून वरचे भाग छताला लोंबकळल्यासारखे दिसतात. खडक एकसंध असल्यामुळेच ते टिकून आहेत. बांधलेल्या इमारतीचा पायाचा खांब गेला असता, तर वरचे छत कोसळले असते. लेणे वरून खाली कोरीत आणले जाते; त्यात जोडलेले असे काही नसते. बोरोबुदूर याच्या अगदी उलट आहे. ते कापलेले दगड एकमेकांवर रचून उभारलेले असल्यामुळे पाणी आत मुरून भिंती झुकू लागल्या, तेव्हा १९७५ ते १९८२ या काळात युनेस्कोच्या साहाय्याने त्याचे थर सुटे करून, आत निचऱ्याची सोय करून ते पुन्हा रचावे लागले. कोरीव लेण्यास अशी उलगडून दुरुस्ती करता येत नाही. येथे जे झिजले ते कायमचे गेले.

लाकडाची आठवण

शनिवारचा मुक्काम लोणावळ्यास करून रविवारी सकाळी आम्ही पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने मळवली स्थानकावर उतरलो. या स्थानकाच्या एका बाजूस भाजे आणि दुसऱ्या बाजूस कार्ले आहे. भाजे अगोदर पाहावे, अशी आमची शिफारस आहे. कारण काळाच्या क्रमाने ते आधीचे, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील होय.

भाजे येथील चैत्यगृहाचे अष्टकोनी खांब आतील बाजूस झुकलेले दिसतात. खडकात कोरलेल्या खांबाला झुकण्याचे कारण काय, असे आमच्यातील एका विद्यार्थिनीने विचारले. उत्तर असे की, लाकडी चैत्यगृहात छपराचा भार खांबांना बाहेर ढकलीत असे, म्हणून सुतार खांब किंचित आत कलते रोवीत. दगडात काम करणाऱ्यांनी तीच सवय पुढे चालविली. छताला लाकडी वासेही बसविले गेले, जरी खडकाच्या छताला वाशांची गरज नव्हती. दर्शनी बाजूस लाकडी जाळी व भिंत होती. ती गेली, पण ती बसविण्याची खोबणी खडकात दिसते. कोंडाण्यासही हीच पद्धत. पुढे कार्ल्यास आल्यावर खांब सरळ उभे होतात, त्यांच्या तळाशी कुंभ आणि शिरावर प्राणी व स्वार येतात, आणि दर्शनी भिंत दगडातच कोरली जाते. भाजे, कोंडाणे व कार्ले या क्रमाने पाहिले, तर लाकडापासून दगडाकडे झालेला हा प्रवास डोळ्यांसमोर उलगडतो.

भाजे येथे चौदा स्तूपांचा एक समूह आहे. पाच आत व नऊ बाहेर. त्यांपैकी काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत : अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. येथील एका लेखात हालिकाच्या, म्हणजे नांगरधाऱ्या शेतकऱ्याच्या, पत्नीचे दान नोंदलेले आहे. ती काही राजमहिषी किंवा श्रेष्ठिपत्नी नव्हती. तरीही तिचे दान दगडावर टिकले आहे.

कार्ले : दान टिकविण्याची व्यवस्था

कार्ल्याचे प्राचीन नाव वलुरक. येथील चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे आहे. लांबी सुमारे ३८ मीटर, रुंदी व उंची सुमारे १४ मीटर. छताचे सागवानी वासे जवळजवळ दोन हजार वर्षे आपल्या जागी आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने जंबुद्वीपातील हे सर्वोत्तम शैलगृह पूर्ण केल्याचे अभिलेख सांगतो. परंतु ते एकट्या भूतपालाचे नाही. धेनुकाकटच्या यवनांनी खांब दिले. सिंहदत्त नावाच्या अत्तर विकणाऱ्या गंधिकाने दरवाजा दिला. सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. आणि सोपाऱ्याच्या सातिमित या धम्मुत्तरीय भाणकानेही एक खांब दिला. सोपारा, धेनुकाकट आणि वैजयंती ही नावे एकाच मंडपात एकत्र येतात. वाटांचा याहून स्पष्ट नकाशा कोणता असू शकेल?

लेणे कोरणे हे एकदाचे काम. भिक्खुसंघाचे पोषण हे दरवर्षीचे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात भिक्खूंनी एका जागी राहावे, असा विनय आहे. सह्याद्रीच्या या बाजूस पाऊस काय करतो, हे बदलापूरकरांना सांगावयास नको. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा चार महिन्यांत डोंगरावरील संघाला धान्य कोठून येणार? यासाठी शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलुरकच्या लेण्यांत वास करणाऱ्या प्रव्रजितांना करजिक गाव दान दिले. पुढे सातवाहनांची सत्ता आली. शत्रूने दिलेले दान म्हणून ते रद्द झाले नाही. तेच गाव महासांघिक भिक्खूंकडे कायम ठेवल्याचा दुसरा लेख तेथेच आहे.

हीच व्यवस्था पुढे सागरापलीकडेही आढळते. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेव राजाने नालंदा येथे विहार बांधविला आणि त्याच्या विनंतीवरून पाल राजा देवपालाने त्याच्या निर्वाहासाठी पाच गावे दिली, असे नालंदा ताम्रपटावरून कळते. त्याच शतकात आपल्या कान्हेरीस गौड देशाहून, म्हणजे बंगालहून, अविघ्नाकर नावाचा उपासक येऊन दान करून गेला. जावा, नालंदा आणि कोकण हे त्या काळी एकमेकांस अनोळखी नव्हते.

आणि जेथे ही साखळी तुटली, तेथे लेणी ओस पडली. वाटा बदलल्या, राजाश्रय गेला, दाते उरले नाहीत. मग टाक्यांत गाळ साचला आणि लेखांची अक्षरे वाचणारा कोणी राहिला नाही. बोरोबुदूरच्याही नशिबी राख आणि झाडोरा आला. १८१४ साली रॅफल्सने माणसे पाठवून ते साफ करविले. मात्र २०१० साली मेरापी ज्वालामुखीची राख पुन्हा त्याच्यावर पडली, तेव्हा ती झाडून काढण्यास आजूबाजूचे लोक धावले.

देहूरोड

आमच्या प्रवासाची सांगता देहूरोड येथे झाली. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथील विहारात रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दीक्षासोहळ्यास तेव्हा अद्याप दोन वर्षे अवकाश होता. भाजे व कार्ले यांच्यापासून याच लोहमार्गाने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर हे स्थान आहे. हालिकाच्या पत्नीने जसे आपल्या ऐपतीप्रमाणे दिले, तसेच येथील कष्टकरी वस्तीनेही दिले. तुटलेली साखळी जेथे पुन्हा जोडली गेली, ती कडी आम्हांस येथे दिसली.

परतीच्या गाडीत आमच्यात चर्चा झाली ती कोंडाण्याच्या भिंतींवर हल्लीच्या लोकांनी खरडलेल्या नावांची. बलकाचेही नाव दगडावर आहे आणि यांचेही. परंतु बलकाने आधी काम केले, नंतर गुरूचे स्मरण केले, आणि शेवटी स्वतःचे नाव घातले. वाचकांना आमची विनंती एवढीच की, ही वाट दोन दिवसांत एकदा तरी सलग चालावी. जाताना एखादा ब्राह्मी अक्षरे लावू शकणारा सोबती न्यावा. तेथे चूल पेटवू नये, कचरा टाकू नये. आणि गावातील जे मूल वाट दाखवील, त्याला निदान एक लेख वाचून दाखवावा. पुढच्या खेपेस येणाऱ्याला तेच मूल बलकाचे नाव सांगेल.