विद्यापीठाच्या आवारातील कचरा : वर्गीकरणाचा प्रश्न

पुनश्चक्रीकरण हा शब्द मराठीत अलीकडे रूढ झाला असला, तरी त्याने दर्शविलेला व्यवहार आपल्याकडे नवा नाही. जुन्या लुगड्याची गोधडी, उकिरड्यातून शेतात जाणारे खत, रद्दीच्या तागडीत पडणारे वर्तमानपत्र ही त्याची परिचित उदाहरणे होत. विद्यापीठांतून मात्र या विषयाचा विचार बहुधा रंगीत डबे, फलक आणि प्रतिज्ञा यांच्यापुरताच होताना दिसतो. डब्यात पडलेली वस्तू पुढे कोठे जाते, कोणाच्या हातून जाते आणि त्या हातांना त्याचा मोबदला काय मिळतो, याची विचारपूस क्वचितच होते. प्रस्तुत लेखात मुख्यतः या उपेक्षित अंगाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम एक तत्त्व लक्षात घेतले पाहिजे. अमुक वस्तू पुनश्चक्रीकरणास योग्य आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ती योग्यता जणू त्या वस्तूचा अंगभूत गुणधर्म आहे असे गृहीत धरतो. वस्तुतः ती योग्यता वस्तूच्या स्थितीवर अवलंबून असते. परीक्षा विभागातील कोऱ्या पाठीचा पांढरा कागद हा कागद गिरणीच्या दृष्टीने उत्तम कच्चा माल होय; तोच कागद उपाहारगृहातील उसळीच्या रश्शाने भिजला, की त्याचे मोल शून्यावर येते. कारण तेलकट अंश लगद्यात मिसळला म्हणजे तो धुऊन काढणे दुष्कर होते. दोन चांगल्या वस्तू एकत्र आल्याने दोन्ही वाया जातात, असा हा विलक्षण व्यवहार आहे. एकदा मिसळलेला कचरा वेगळा करता येत नाही असे नाही. परंतु त्यास श्रम लागतात, आणि ते श्रम कोणाला तरी उघड्या हातांनी करावे लागतात.

कागदाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कागद हा वनस्पतिजन्य तंतूंचा विणलेला थर असतो, आणि प्रत्येक वेळी लगदा करताना हे तंतू तुटून आखूड होतात. सामान्यतः पाच ते सात आवर्तनांनंतर ते इतके दुर्बळ होतात की त्यांचा कागद टिकत नाही. म्हणून मधून मधून नवा लगदा मिसळावा लागतो. कापसाचा तंतू त्या मानाने लांब व चिवट. पुण्यात १९४० साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी स्थापन केलेल्या हातकागद संस्थेने कापडाच्या चिंध्यांपासून जो टिकाऊ कागद केला, त्याचे रहस्य याच तंतूत आहे. तात्पर्य, पुनश्चक्रीकरण म्हणजे अखंड फिरणारे चक्र नव्हे. प्रत्येक फेरीत काहीतरी गळतेच. तेव्हा प्रबंधाचा मजकूर कागदाच्या एकाच बाजूस छापण्याचा जो प्रघात अद्याप अनेक ठिकाणी आहे, तो मोडणे हे रद्दी गोळा करण्यापेक्षा अधिक फलदायी ठरेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आता वर्गीकरण कोणी व कोठे करावे, या प्रश्नाकडे वळू. या प्रश्नाचे अत्यंत बोधप्रद उत्तर एका विद्यापीठ विभागाच्या कार्यातूनच मिळालेले आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या, पुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महिला विद्यापीठाचे एक केंद्र पुण्यात कर्वे रस्त्यावर आहे. तेथील प्रौढ शिक्षण विभागाने १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या स्त्रिया व मुले यांच्यासाठी साक्षरता वर्ग चालविले. पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायणन आदी कार्यकर्त्या-अध्यापिका या स्त्रियांबरोबर प्रत्यक्ष कचराकुंड्यांपर्यंत गेल्या. या स्त्रिया बहुतांशी दलित समाजांतील होत्या. कित्येकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली होती. कुंडीतील ओल्या, कुजलेल्या ढिगातून कागद, काच, पत्रा निवडणे हे त्यांचे दिवसभराचे काम होते. अक्षरओळखीपेक्षा त्यांची तातडीची गरज वेगळी होती, हे अध्यापिकांच्या ध्यानी आले.

त्यावर योजिलेला उपाय दिसावयास अगदी साधा होता. घरोघरच्या लोकांनी ओला व सुका कचरा कुंडीत टाकण्यापूर्वीच वेगळा ठेवावा, आणि विद्यापीठाचे ओळखपत्र असलेल्या स्त्रियांनी तो दारातून उचलावा. विद्यापीठाच्या परिसरात सुमारे ३० स्त्रियांनी या रीतीने काम आरंभिले. परिणाम दुहेरी झाला. माल कोरडा व स्वच्छ मिळू लागल्याने त्याला भाव अधिक येऊ लागला, आणि वेचण्यात जाणारा वेळ वाचला. जी क्रिया कुंडीपाशी तासन्‌तास चालत असे, ती स्वयंपाकघरात क्षणार्धात होऊ लागली, आणि तीही कोणास इजा न होता. वर्गीकरण जितके उगमाच्या जवळ, तितके ते स्वस्त, हा सिद्धान्त येथे प्रयोगाने सिद्ध झाला असे म्हणता येईल.

परंतु माल स्वच्छ व किफायतशीर होताच त्याच्यावर इतरांची दृष्टी वळते. लवकरच एका व्यावसायिकाने वाहनाद्वारे घरोघरचा कचरा उचलण्याची सेवा देऊ केली, आणि या स्त्रियांचे नुकतेच स्थिरावलेले उत्पन्न धोक्यात आले. व्यक्तिगत सद्भावनेवर उभी राहिलेली व्यवस्था किती ठिसूळ असते, हे त्या प्रसंगी दिसून आले. मे १९९३ मध्ये पुण्यात आठशेहून अधिक कचरावेचकांची परिषद भरली आणि डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना अस्तित्वात आली. पुढे ओळखपत्रांना महानगरपालिकेची मान्यता मिळाली. याच परंपरेतून ‘स्वच्छ’ ही कष्टकऱ्यांची सहकारी संस्था निघाली व २००८ मध्ये तिचा पुणे महानगरपालिकेशी करार झाला. घरमालकांकडून सेवाशुल्क घ्यावयाचे आणि सुक्या मालाच्या विक्रीवर वेचकांचा हक्क राहावयाचा, ही त्या व्यवस्थेची दोन मुख्य अंगे. कराराच्या मुदतवाढीवरून वादही वेळोवेळी झाले. ते होणे स्वाभाविकच होते, कारण येथे प्रश्न स्वच्छतेचा होता तसाच मालकीचाही होता.

या इतिहासाचा आपल्या आवाराशी संबंध असा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दररोज सरासरी १०० किलोग्रॅमहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या संस्थांस, ज्यांत विद्यापीठांचा स्पष्ट उल्लेख होता, मोठे उत्पादक म्हणून वेगळे उत्तरदायित्व दिले. आणि त्याच नियमांनी कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घेण्यासही सांगितले. त्यांतील पहिल्या भागाची पूर्तता करण्यासाठी संस्था सामान्यतः निविदा काढून ठेकेदार नेमते. सर्वात कमी रकमेची निविदा स्वीकारली जाते, वाहन येते, आवार स्वच्छ दिसते. आणि वर्षानुवर्षे फाटकाशी येऊन रद्दी नेणारी बाई त्या दिवसापासून आत येऊ शकत नाही. दुसरा भाग कोणाच्याच लक्षात राहत नाही. हे टाळावयाचे तर करारातच सुक्या मालावर वेचकांचा हक्क, निवडण्यासाठी छप्पर असलेली जागा व वजनकाटा यांची तरतूद करावी लागेल.

ओल्या कचऱ्याची कथा निराळी आहे, कारण तो आवाराबाहेर नेण्याचे वस्तुतः कारणच नसते. वसतिगृहाच्या भोजनालयातील उरलेल्या अन्नात नत्राच्या मानाने कर्ब साधारण पंधरा-वीस पट असतो. शिशिरात गळणाऱ्या कोरड्या पानांत तो पन्नास पटींहूनही अधिक आढळतो. कुजविणाऱ्या जंतूंना २५ ते ३० पट हे प्रमाण मानवते. नुसते अन्न साठविले तर ते आंबून दुर्गंधी सुटते. नुसती पाने रचली तर महिनोन्‌महिने तशीच राहतात. दोहोंचे थर योग्य प्रमाणात, ओलसर राखून रचले असता ढिगाचे उष्णतामान ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढते, रोगजंतू व तणांचे बी बहुतांशी मरते, आणि खत तयार होते. म्हणजे भोजनालयाची अडचण आणि बागेची अडचण एकमेकींचे औषध आहेत. असे असूनही पाने पेटवून देण्याची सवय काही सुटत नाही. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी करून दंड ठरविला होता, हे येथे नमूद करावेसे वाटते.

अन्नापासून इंधनवायू करण्याचा मार्गही उपलब्ध आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘निसर्गऋण’ ही पद्धती विकसित केली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने घरगुती आकाराचे संयंत्र तयार केले व त्यास २००६ चा ॲश्डेन पुरस्कार लाभला. त्यामागील विचार मोठा मार्मिक आहे : शेण हे जनावराने एकदा पचविलेले द्रव्य, तेव्हा जंतूंना उष्टे देण्यापेक्षा पिष्टमय अन्नच का देऊ नये? (डॉ. कर्वे हे महर्षी कर्वे यांचे नातू, हा योगायोग वाचकांस मनोरंजक वाटेल.)

प्रयोगशाळेतील रसायने, जुने संगणक, विजेऱ्या व नळीदिवे यांच्याबाबत मात्र एकच सांगणे पुरे : ही द्रव्ये भंगाराच्या तागडीत पडता कामा नयेत. तारांवरील आवरण जाळून तांबे काढणारा मनुष्य त्या धुरातच उभा असतो. त्यांच्यासाठी अधिकृत नोंदणी असलेल्या केंद्रांचीच योजना केली पाहिजे.

या सर्वांस आरंभ करावयाचा तो मोजमापापासून. कोणत्याही विभागाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस हे काम सहज करता येण्याजोगे आहे. एका आठवड्याचा कचरा इमारतवार तोलावा. मोठ्या ढिगाचे नीट मिश्रण करून चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन टाकून उरलेले पुन्हा मिसळावेत, आणि हाती लागणारा नमुना प्रकारवार निवडून नोंदवावा. हाच उपक्रम परीक्षेच्या काळात, सुटीत आणि पानगळीत पुन्हा करावा, कारण तिन्ही वेळचे आकडे सर्वस्वी भिन्न येतील. निवडण्याच्या कामी आवारात येणाऱ्या वेचक स्त्रियांस वेतन देऊन सहभागी करून घ्यावे. कोणत्या प्लॅस्टिकला बाजारात गिऱ्हाईक आहे आणि कोणत्याला नाही, हे त्यांना स्पर्शाने कळते. ते ज्ञान आपल्या प्रपत्रात कोणत्या स्तंभात लिहावयाचे, हे आपणास प्रथम ठरवावे लागेल.