दोन बदामी छटांमधील निवड

धाराशिव, तुळजापूर, परंडा या मुलखातील ज्या घरांत मातीच्या माळवदाची जागा स्लॅबने घेतली, परंतु पायाखालची शहाबादी फरशी कायम राहिली, त्या घरांत भिंतींसाठी बदामी रंगाच्या, एक पिवळसर व दुसरी किंचित राखाडी झाकेची, अशा दोन जवळजवळ सारख्या छटांतून एक निवडणे हा, वरकरणी क्षुल्लक भासला तरी, विचारपूर्वक निकालात काढण्याजोगा प्रश्न आहे. कारण रंग स्वयंभू नसतो. शेजारचा रंग त्याचे रूप पालटतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने सप्रमाण मांडले. निळसर-राखी फरशीलगत बदामी रंगातील पिवळेपणा अधिक उठून दिसतो, आणि पश्चिमेच्या खिडकीतून येणारे मावळतीचे ऊन त्यात भरच घालते. उलट उत्तरेचा थंड उजेड राखाडी झाकेच्या छटेला उदास करून सोडतो.

यास्तव शेडकार्डावरील इवल्याशा चौकोनावर विसंबू नये. दोन्ही रंगांचे लहान डबे आणून पांढऱ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात द्यावेत, पुठ्ठे पूर्ण वाळू द्यावेत, आणि सकाळी, दुपारी व दिवेलागणीस नियोजित भिंतीशी, फरशीला टेकवून, उभे करून पाहावेत. २७०० केल्विनचा पिवळा दिवा आणि ६५०० केल्विनचा शुभ्र दिवा यांखाली तोच पुठ्ठा इतका निराळा दिसतो की, दिवे आधी ठरवावेत, रंग नंतर, असे माझे ठाम मत आहे.

माझी शिफारस स्पष्ट आहे: पश्चिमाभिमुख खोलीस किंचित राखाडी झाकेची छटा घ्यावी, उत्तराभिमुख खोलीस पिवळसर, आणि रंगाऱ्यास शेडचा क्रमांक तोंडी न सांगता कागदावर लिहून द्यावा.