स्लॉट मशिनचा निकाल कधी लागतो? बजेट ठरवण्याआधी समजून घ्या हे गणित

बीड : परळी असो की गेवराई, स्लॉट मशिन पाहायला आता गोव्याला जावे लागत नाही. ऊसतोडीची उचल, पीकविमा किंवा पगार ज्या मोबाइलशी जोडलेल्या खात्यात येतो, त्याच मोबाइलवर एका लिंकने हा खेळ सुरू होतो. म्हणूनच त्यामागचे गणित माहीत असायला हवे.

निकाल कधी ठरतो?
बटण दाबताच ‘रँडम नंबर जनरेटर’ हा प्रोग्रॅम आकडा निवडतो. निकाल तेव्हाच लागलेला असतो. चक्रे फक्त तो दाखवतात. प्रत्येक डाव स्वतंत्र असतो. त्यामुळे ‘खूप वेळ लागले नाही, आता लागणारच’ हा समज चुकीचा आहे.

९५ टक्के परतावा म्हणजे काय?
लाखो डावांत लावलेल्या दर १०० रुपयांपैकी सरासरी ९५ रुपये परत जातात. १० रुपयांचा डाव, मिनिटाला १० डाव असे धरले, तर तासात ६,००० रुपये लावले जातात. त्यावर सरासरी तोटा ३०० रुपये. प्रत्यक्षात तो कमी-जास्त होतो, पण वेळ वाढला की तोटाही वाढतो.

स्वस्त मशिन खरेच स्वस्त?
१ रुपयाच्या मशिनवर २० लाइन लावल्या, तर एक डाव २० रुपयांना पडतो. त्यात ८ रुपये आले तरी दिवे लागतात, संगीत वाजते; प्रत्यक्षात १२ रुपये गेलेले असतात. मोठ्या जॅकपॉटच्या मशिनवर बक्षिसे सहसा क्वचित लागतात आणि पैसे लवकर संपतात.

कायदा काय सांगतो?
गोव्यात १९९२ च्या कायदादुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनला परवानगी मिळाली. महाराष्ट्रात कॅसिनोंना परवानगी नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी असून, ते चालवणाऱ्यांना ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मोबाइलवरील बेकायदा मशिनचा परतावा कोणी तपासत नाही. त्यामुळे तिथे कोणतेच बजेट सुरक्षित नाही.

बजेट कसे ठरवावे?
- परवाना असलेल्या ठिकाणीही गेली तरी चालेल एवढीच रक्कम न्यावी. कार्ड खोलीवर ठेवावे.
- मशिनची किंमत नव्हे, एका डावाचा पूर्ण खर्च पाहावा.
- गेलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा खेळू नये. उसने तर अजिबात घेऊ नयेत.

ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० वर तातडीने तक्रार करावी. खेळणे थांबवता येत नसेल, तर ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.