सकाळचा पाळणा, संध्याकाळची रांग

बहिरमची यात्रा पाहिली आहे का तुम्ही? अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजार तालुक्यात, परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी ती भरते. डिसेंबरच्या अखेरीस सुरू होते आणि जानेवारीभर चालते. मातीच्या हंडीतलं मटण, गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, खेळण्यांची दुकानं, मौत का कुआं आणि उंचच उंच आकाशपाळणा. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं, खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये. पण वऱ्हाडातल्या पोट्ट्यांचं थीम पार्क त्याच्या कितीतरी आधीपासून दरवर्षी बहिरमला उभं राहतं!

यात्रेला निघायच्या दिवशी घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "लवकर चाला बे पोट्टेहो, नाई त मंग रांगेत उभं राहा लागन!" आजी म्हणते, बाबा म्हणतात, शेजारचे काकाही म्हणतात. आणि ते खरंही असतं. दुपारी बाराला पोचलेला मुलगा लगेच पाळण्यात बसतो आणि संध्याकाळी पोचलेला दोन तास उभा राहतो. पाळणा तोच, काका तेच, तिकीटही तेच. मग हे दोन तास येतात कुठून?

आपण पाळण्यापाशीच जाऊन बघू या. पाळणेवाले काका काय करतात ते नीट पाहा. एक झुला खाली आणतात, समोरची आडवी सळई काढतात, आतल्यांना उतरवतात, नव्यांना बसवतात, सळई पुन्हा अडकवतात. आता तुम्हाला वाटेल, पुढचा म्हणजे शेजारचा झुला भरतील. बहुतेक वेळा तसं होत नाही. काका चाक अर्धं फिरवतात आणि बरोबर समोरच्या बाजूचा झुला खाली घेतात. एकाच बाजूला माणसं बसवली तर चाक त्या बाजूला आपोआप ओढ घेईल, ब्रेकवर आणि इंजिनावर ताण येईल. म्हणून दोन्हीकडचं वजन सारखं ठेवत ठेवत पाळणा भरायचा. शाळेत तराजूचा धडा शिकलात ना, काका तो धडा दिवसभर वापरत असतात.

आता हिशेब करू. समजा पाळण्याला १२ झुले आहेत, प्रत्येकात ४ जण. म्हणजे एका फेरीत ४८ माणसं. एक झुला रिकामा करून भरायला अर्धा मिनिट धरलं, तर बाराही झुल्यांना ६ मिनिटं लागतील. त्यानंतर पाळणा ४ मिनिटं गरगर फिरणार. एक फेरी १० मिनिटांची झाली. तासाला सहा फेऱ्या, म्हणजे २८८ माणसं. सोपं जावं म्हणून आपण ३०० धरू.

एक कोडं घालतो. रांग लवकर सरकावी म्हणून काकांनी काय करावं? बहुतेक मुलं म्हणतील, पाळणा दुप्पट जोरात फिरवावा. करून बघा गणित. फिरण्याची ४ मिनिटं २ वर आली, फेरी ८ मिनिटांची झाली, तासाला ३६० माणसं. बरं झालं, पण फार नाही, आणि निम्मी मजा गेली! त्याऐवजी दोन झुले एकाच वेळी भरता आले तर? भरायला ३ मिनिटं, फिरायला पूर्ण ४, फेरी ७ मिनिटांची. तासाला ४००हून जास्त माणसं, आणि मजा जशीच्या तशी. जास्त वेळ खाल्ला जातो तो चढण्या-उतरण्यात. पाळण्याच्या वेगाकडे बघून ते कळतच नाही.

ही गोष्ट एका इंजिनिअरने सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखली होती. त्यांचं नाव जॉर्ज फेरिस. १८९३ साली अमेरिकेत शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे त्यांनी २६४ फूट उंचीचं चाक उभं केलं. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसं मावत. म्हणजे एका वेळी २१६० माणसं! एकेक डबा खाली आणून भरत बसले असते तर संध्याकाळ झाली असती. म्हणून खाली सहा फलाट केले होते. चाक सहा वेळा थांबायचं आणि दर खेपेला सहा डबे एकदम भरायचे. सहा सक छत्तीस! मग एक अख्खा फेरा न थांबता. इंग्रजीत आकाशपाळण्याला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. मला मात्र त्या चाकाच्या उंचीपेक्षा ते सहा फलाट जास्त आवडतात.

आता चला, रविवारी बहिरमला. पाळणा अकराला सुरू झाला. अकरा ते बारा २०० माणसं आली, पाळण्याची ताकद ३००ची, सगळे बसले. बारा ते एक ३५० आली. ३०० बसली, ५० उरली. एक ते दोन ४०० आली. त्यातली १०० उरली आणि आधीची ५० आहेतच, झाली १५०. दोन ते तीन ४५०, उरलेली ३००. तीन ते चार पुन्हा ४५०, उरलेली ४५०. चारनंतर गर्दी कमी व्हायला लागली. चार ते पाच ४०० आली, रांगेत ५५०. पाच ते सहा ३५० आली, रांगेत ६००.

इथे जरा थांबा आणि दोन आकडे शेजारी ठेवा. बारा ते एक ३५० माणसं आली होती. पाच ते सहाही ३५०च आली. पण एक वाजता आलेल्याला थांबावं लागलं १० मिनिटं आणि सहा वाजता आलेल्याला तब्बल २ तास. गर्दी सारखीच, मग हे कसं? कारण रांग म्हणजे किराणा दुकानातली उधारी. आज फेडायची राहिली ती उद्याच्या उधारीत मिळते. दुपारी दोनला जी माणसं बसायची राहिली, त्यांचा भार सहाला आलेल्या मुलाच्या डोक्यावर येतो. तो बिचारा आत्ता आला, पण त्याच्या पुढे अख्ख्या दुपारची शिल्लक उभी आहे.

आणखी एक गंमत सापडली का? सगळ्यात जास्त माणसं आली दोन ते चारमध्ये, पण रांग सगळ्यात लांब झाली सहाला. गर्दी ओसरायला लागली की आपल्याला वाटतं, आता जाऊ. नेमकी तीच वेळ सगळ्यात वाईट! जोवर येणारे बसणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत, तोवर रांग वाढतच राहते, मग येणारे कमी का होत असेनात. लवकर जाणारा मुलगा हुशारी करतो ती एवढीच, की तो उधारी सुरू व्हायच्या आधी पोचतो.

आता तुमच्यातला एखादा चौकस विद्यार्थी विचारेल, येणारे ३००पेक्षा कमीच ठेवले तर रांग लागणारच नाही ना? लागते! समजा तासाला २७०च माणसं आली. पण ती मिनिटाला साडेचार अशी मोजून येत नाहीत. परतवाड्याहून एसटी येते आणि एकदम पन्नास माणसं उतरतात. मग पंधरा मिनिटं कोणीच नाही, मग एक टेम्पो भरून वऱ्हाड. एसटी यायच्या आधी पाळण्याचे चार झुले रिकामे फिरले. ते रिकामे झुले साठवून ठेवता येत नाहीत. पाळण्याच्या ताकदीच्या जितकं जवळ जाल तितकी ही झुंबड जास्त त्रास देते.

या झुंबडीचं गणित पहिल्यांदा मांडलं डेन्मार्कच्या आग्नेर एरलांग यांनी, १९०९ साली. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत. त्या काळी फोन लावला की एक्स्चेंजमधला माणूस हाताने तार जोडून द्यायचा. तारा कमी ठेवल्या तर लोक खोळंबतात, जास्त ठेवल्या तर पैसा वाया जातो. मग किती ठेवायच्या? लोक केव्हा फोन करतील ते कोणालाच माहीत नाही, तरीसुद्धा एरलांग यांनी उत्तर काढून दाखवलं. आज फोनच्या वाहतुकीचं माप त्यांच्याच नावाने ओळखलं जातं, एरलांग. त्यांच्या जन्माचं साल लक्षात ठेवणं आपल्याला तर फारच सोपं आहे. त्यांचा जन्म १ जानेवारी १८७८चा, आणि त्याच वर्षी २३ फेब्रुवारीला गजानन महाराज शेगावात प्रकट झाले. प्रकटदिनाला शेगावच्या दर्शनबारीत उभे असाल, तर आपण ज्या गणितात उभे आहोत त्याच्या जनकाचं सालही हेच, हे शेजारच्या मित्राला जरूर सांगा.

रांगेत उभं राहिलं की एक तक्रार सगळेच करतात. शेजारची रांग नेहमी लवकर सरकते! अकोला स्टेशनवर तिकिटाच्या तीन खिडक्या उघड्या आहेत असं धरा. तुम्ही एकीत उभे. तीन रांगांपैकी सगळ्यात जलद रांग तुमचीच असण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे तीनपैकी दोनदा कुठली तरी दुसरी रांग तुमच्यापुढे जाणारच. यात नशिबाचा काही दोष नाही. यावर उपायही आहे. तिन्ही खिडक्यांसाठी एकच लांब रांग लावायची, जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढच्याने जायचं. मग एखाद्या आजोबांना सुट्टे पैसे शोधायला वेळ लागला तरी एकाच रांगेतले सगळे अडकत नाहीत. जिथे जागा आहे तिथे सगळीकडे अशीच रांग असावी, असं माझं ठाम मत आहे.

पण उधारी फेडायचा सगळ्यात सुंदर उपाय पाहायचा तर पंढरपूरला जावं लागेल. आषाढी वारी जवळ आली की विठ्ठलाचा पलंग काढतात. म्हणजे देव आता झोपणार नाही, देऊळ चोवीस तास उघडं! कळलं का यातलं गणित? गाभारा तेवढाच, दरवाजा तेवढाच, पण दर्शनाचे तास वाढले. शिवाय पदस्पर्शाची रांग वेगळी आणि लांबून मुखदर्शन घेणाऱ्यांची वेगळी, म्हणजे पटकन होणारं काम सावकाश होणाऱ्या कामामागे अडकत नाही. एरलांग यांना हे कोणी दाखवलं असतं तर ते खूश झाले असते.

थीम पार्कवाल्यांनी आणखी एक युक्ती काढली. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत १९९९ पासून वेळेची चिठ्ठी देऊ लागले. तीन वाजताची चिठ्ठी घ्या, तोवर हिंडा, खा, प्या, तीनला या. आपल्याकडे मोठ्या देवस्थानांतही दर्शनाचे टोकन मिळतात ते याच धर्तीवर. यात रांग संपत नाही बरं का. पाळणा तासाला ३००च माणसं बसवणार. फक्त तुमच्याऐवजी तुमचा नंबर रांगेत उभा राहतो आणि तुमचे पाय सुटतात.

मग उद्या हा लेख वाचून सगळेच सकाळी अकराला बहिरमला पोचले तर? तर रांग अकरालाच लागेल. पण तसं होत नाही. कोणाला शेतातलं काम उरकून यायचं असतं, कोणाला संध्याकाळचे दिवे पाहायचे असतात, कोणाची एसटीच दुपारची असते. बहिरमची यात्रा महिनाभर चालते म्हणून गर्दी पांगते तरी. ऋणमोचनची यात्रा पौषातल्या रविवारी भरते, तिथे सगळी माणसं मोजक्याच दिवसांत एकवटतात.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. पुढच्या वेळी कुठल्याही रांगेत उभे राहिलात, यात्रेत, बँकेत, शेगावला, की घड्याळ लावून पाच मिनिटं पुढे किती माणसं सरकली ते मोजा. मग तुमच्या पुढे किती आहेत ते मोजा. पाच मिनिटांत २५ सरकली आणि पुढे १५० आहेत, तर तुम्हाला अर्धा तास लागेल. रांगेतली माणसं, माणसं येण्याचा वेग आणि थांबायचा वेळ यांचं नातं कुठल्याही रांगेत टिकतं, हे जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१ साली सिद्ध केलं. आधी उत्तर वहीत लिहून ठेवा, मग खरंच किती वेळ लागला तो शेजारी लिहा. दोन आकड्यांत फरक पडला तर मधे काय घडलं ते शोधा. कोणी घुसलं का? काका चहाला गेले का? एसटी आली का? तुमचे आकडे आणि तुम्हाला सापडलेलं कारण आम्हाला पत्राने जरूर कळवा.