नळींतील खडू आणि गिरणींतील तूस

भिवपुरीचें वीजगृह १९२२ सालीं सुरू झालें. तेथून सुटणारें पाणी राजनाल्यानें कर्जत तालुक्यांत फिरतें व त्यावर उन्हाळी भात पिकतें. मात्र ज्यांचीं शेतें कालव्यापासून दूर आहेत, त्यांस नळीवांचून गति नाहीं. आम्हीं खालापुराकडील भाजीच्या मळ्यासाठीं पी.व्ही.सी.ची स्वस्त नळी घेतली. हातास ती जड लागली, म्हणून आम्हांस संतोषच वाटला! पहिल्याच उन्हाळ्यांत पंप सुरू होतांच ती लांबवर चिरली. तुटलेली कड पांढरी व रवाळ होती.

नळींत खडू घातला होता, असें म्हणून आमचे कांहीं शेतकरी बंधु कारखानदारास दोष देतील. तेवढ्यानें दोष सिद्ध होत नाहीं. चांगल्या नळींतही चुनखडीची पूड असतेच. प्रश्न तिच्या बारीकपणाचा, प्रमाणाचा व मिसळणीचा आहे. उष्णतेनें मऊ झालेल्या प्लास्टिकांत अतिसूक्ष्म कण सुटे सुटे पसरले, तर धक्का बसतांच प्रत्येक कणाभोंवतालचें प्लास्टिक किंचित् ताणतें आणि धक्क्याचा जोर अनेक ठिकाणीं वांटला जातो. परंतु कण जितके बारीक, तितके ते एकमेकांस चिकटूं पाहतात. नीट न घोटलेल्या पिठल्यांत गुठळी राहावी तसा त्यांचा गोळा होतो, व त्या गोळ्यापासूनच चीर निघते. म्हणून कणांवर स्टिअरिक आम्लाचा पातळ लेप देतात; त्यामुळें ते प्लास्टिकांत सहज मिसळतात. जाडी पूड भारंभार घातली, तर नळी स्वस्त, जड आणि ठिसूळ होते.

हें घरीं ताडून पाहतां येतें. नळीचा तुकडा बारीक तराजूस दोऱ्यानें टांगून एकदां हवेंत व एकदां पाण्यांत बुडवून तोलावा. त्यास हवेचे बुडबुडे चिकटूं देऊं नयेत. हवेंतील वजनास पाण्यांत घटलेल्या वजनानें भागावें. भारतीय मानक ४९८५ च्या २००० सालच्या आवृत्तींत ही घनता १.४० ते १.४६ सांगितली आहे. चुनखडीची घनता सुमारें २.७ असल्यानें भरण वाढलें कीं आंकडा चढतो. आमच्या तुकड्याचा १.६ च्या वर गेला. तुकडा जाळून मात्र पाहूं नये. त्याचा धूर विषारी असतो.

थोड्या भरणाचें बळ किती, हें जपानांत टोयोटाच्या संशोधकांनीं दाखविलें. नायलॉनमध्यें शेंकडा पांचांहून कमी माती घालून त्यांनीं त्याचा ताठपणा पुष्कळच वाढविला. ती माती मॉंटमोरिलोनाइट, म्हणजे देशावरील काळ्या जमिनीस भेगा पाडणारीच! तिचे पापुद्रे मिलिमीटराच्या दहालक्षांश भागाइतके पातळ असतात, व ते एकमेकांपासून सुटले तरच हा गुण येतो.

आतां आपल्या तुसाकडे वळूं. शंभर किलो भातांतून सुमारें वीस किलो तूस निघतें. तें जाळल्यास चार किलोंच्या आसपास राख उरते, आणि चांगल्या राखेंत बहुतांश सिलिकाच असते. अशा राखेंतील सिलिका टायरच्या रबरांत वापरण्याचें गुडइअर कंपनीनें २०१४ सालीं जाहीर केलें. प्लास्टिकांतही ती भरण म्हणून चालते. मात्र ज्वलन सुमारें सातशें अंशांच्या आंत, भरपूर हवेंत व्हावें लागतें. आंच फार चढली तर सिलिका स्फटिकरूप होते व तिची धूळ फुप्फुसांस घातक ठरते. हवा अपुरी पडली तर राखेंत कोळसा राहतो. आमच्या गिरणीमागील राख काळीच आहे. ती भट्टींत पुन्हां जाळून पांढरी करण्याचा खर्च किती, याचा हिशेब आम्हीं सध्यां मांडीत आहों.