मातीतील आर्सेनिक आणि चुंबकीय अनुस्पंदन

जुन्या पोथ्यांत लेखनिकाची चूक झाली, की त्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावून ती झाकीत असत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाला. हरताळ, मनशीळ आणि सोमल ही आर्सेनिक या एकाच मूलद्रव्याची संयुगे होत. पहिल्या दोहोंत ते गंधकाशी, तर सोमलात ऑक्सिजनशी संयोग पावलेले असते.

भंडारा जिल्ह्याला या विषयाचे अगत्य वाटण्यास कारण आहे. राज्याच्या पूर्व सीमेपलीकडे, आजच्या छत्तीसगढमधील अंबागढ चौकी परिसरात कौडीकसा हे गाव आहे. तेथील विहिरींच्या व हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. ते कोणत्याही कारखान्यातून नव्हे, तर भूगर्भातील खडकांतून आले होते. भंडाऱ्याच्या मातीतही ते आहे, असा याचा अर्थ नव्हे; परंतु तळ्यांच्या आणि धानाच्या या जिल्ह्याने आर्सेनिकाचे वर्तन समजून घेणे हिताचे आहे.

बांधीत पाणी साचून राहिले, की मातीतील ऑक्सिजन संपतो. लोहाच्या ऑक्साइडला चिकटलेले आर्सेनिक अशा वेळी सुटे होते व आर्सेनाइट या अधिक विषारी रूपात पाण्यात उतरते. धानाची मुळे सिलिका ज्या मार्गाने शोषून घेतात, त्याच मार्गाने तेही पिकात शिरते. याउलट, तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग खाणीतून निघणारे मँगनीज डायऑक्साइड हे खनिज आर्सेनाइटचे रूपांतर तुलनेने कमी विषारी अशा आर्सेनेटमध्ये करू शकते. म्हणूनच आर्सेनिक किती आहे, एवढे कळून भागत नाही. ते कोणत्या रूपात व कशाला बांधलेले आहे, हेही कळावे लागते.

घन पदार्थांतील ही रचना जाणण्याचे एक साधन म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन. ब्लॉक आणि पर्सेल यांच्या गटांनी 1946 मध्ये ते सिद्ध केले व 1952 मध्ये त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रे भोवऱ्याप्रमाणे डोलतात आणि ठरावीक वारंवारतेच्या रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात. निसर्गातील सर्व आर्सेनिक 75 वस्तुमानांकाच्या एकाच समस्थानिकाचे असते. त्याचे अणुकेंद्र पूर्ण गोलाकार नसल्याने भोवतालच्या विद्युत् क्षेत्राचा त्यावर परिणाम होतो. आर्सेनेटमध्ये चार ऑक्सिजन अणू चहूबाजूंनी समतोल बसलेले असतात. त्यामुळे संकेत तुलनेने स्पष्ट मिळतो. आर्सेनाइटमध्ये तीनच ऑक्सिजन एका बाजूस असल्याने संकेत फार पसरतो. सोमलाच्या स्फटिकात तर चुंबकाशिवायही सुमारे 116 मेगाहर्ट्झला प्रतिसाद मिळतो. हरताळ व मनशीळ यांच्या वारंवारता निराळ्या असतात; जणू प्रत्येक खनिजाचे स्वतःचे रेडिओ केंद्रच!

या साधनाला मर्यादाही आहेत. शेतातील मातीत आर्सेनिकाचे प्रमाण अत्यल्प असते आणि लोह व मँगनीज यांच्या चुंबकीय गुणांमुळे संकेत बिघडतो. म्हणून शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत तयार केलेल्या शुद्ध खनिजांवर अभ्यास करतात किंवा आर्सेनेटसारखेच वागणाऱ्या फॉस्फेटचे निरीक्षण करतात. प्रत्यक्ष मातीसाठी क्ष-किरणांच्या पद्धतींची जोड घ्यावी लागते. मूलभूत संशोधनातून मिळालेले हे ज्ञान आर्सेनिकाला घट्ट धरून ठेवणारी खनिजे निवडण्यास उपयोगी पडते.

गावकऱ्यांनी मात्र एवढे ध्यानी ठेवावे, की आर्सेनिकयुक्त पाण्याला रंग, वास वा चव नसते आणि ते उकळल्याने शुद्ध होत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम मानली आहे. ती ओलांडली आहे किंवा नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी विहिरीच्या पाण्याची तपासणी प्रयोगशाळेतच करून घ्यावी लागते. बांधीत सतत पाणी न तुंबविता मधून मधून ती सुकू दिली, तर धानात उतरणारे आर्सेनिक कमी होते. प्रयोगशाळेतील सूक्ष्म संशोधन अखेर शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचते, ते असे.